टाकीची दुसरी नोकरी

सैन्याने वापरून विकायला काढलेला इंधनाचा ट्रेलर लांबून पाहिला तर साधाच दिसतो. चाकांवर आडवी बसवलेली लंबगोल टाकी, तिच्या पाठीवर गोल झाकणे, बाजूला पत्र्याचे कपाट आणि त्या कपाटात पंप, व्हॉल्व्ह, मीटर आणि रबरी पाइपांची वेटोळी. सगळ्यावर मंद हिरवा रंग, उन्हात जराही चकाकू नये म्हणून मुद्दाम तसा बनवलेला. अमेरिकेत लष्करी तळांच्या मागच्या आवारात असे ट्रेलर विक्रीच्या प्रतीक्षेत ओळीने उभे असतात. पुढचे पाय जमिनीत थोडे रुतलेले, चाकांच्या आडोशाने गवत वाढलेले. जवळ गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. टाकी कितीही दिवस रिकामी असली, तरी झाकण उचलताच रॉकेलसारखा उग्र दर्प नाकात शिरतो. अमेरिकी सैन्याचे नेहमीचे इंधन जेपी-८ हे रॉकेलच्याच जातीचे आहे. या वस्तूचा सगळ्यात खरा परिचय हा वास करून देतो. टाकी ओतून मोकळी करता येते, पण तिच्यात जे वर्षानुवर्षे राहिले ते सहजासहजी तिला सोडून जात नाही.

अशा ट्रेलरांचे लहानमोठे बरेच प्रकार आहेत. सर्वांत ओळखीचे म्हणजे ५,००० गॅलनचे, आपल्या मापाने सुमारे १८,९०० लिटरचे, सेमी-ट्रेलर: एम ९६७, एम ९६९ आणि एम ९७०. तिघांच्याही टाक्या स्टेनलेस स्टीलच्या. पहिला मोठ्या साठ्याची ने-आण करण्यासाठी, दुसरा जमिनीवरच्या गाड्यांच्या टाक्या भरण्यासाठी आणि तिसरा हेलिकॉप्टरांना व विमानांना इंधन देण्यासाठी. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्यात गाळणीची आणि मोजणीची सोय अधिक काटेकोर. याशिवाय दीड टनी, एकाच आसाचे छोटे ट्रेलर असतात. त्यांच्या हौद्यात सुटी टाकी बसवून हातपंपाने किंवा छोट्या इंजिनाने काम भागवले जाते. याच कुळात ४०० गॅलनचा पाण्याचा ट्रेलरही आहे, एम १४९. सैनिक त्याला ‘वॉटर बफेलो’ म्हणतात, आणि त्याचा फुगीर, स्वस्थ आकार पाहिला की नाव पटते. रंगाने आणि घडणीने हे सगळे एकमेकांची भावंडे वाटतात. म्हणूनच विकत घेणाऱ्याने आधी खात्री करायची ती एकाच गोष्टीची: या टाकीने आजवर काय वाहिले?

युद्धाच्या वर्णनांत रणगाडे आणि विमाने पुढे असतात. त्यांच्या मागून इंधन घेऊन येणाऱ्या माणसांची आठवण क्वचितच निघते. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीतून बाहेर पडलेल्या दोस्तांच्या फौजा इतक्या झपाट्याने पुढे सरकल्या, की ऑगस्टअखेर जनरल पॅटन यांच्या तिसऱ्या सेनेचे रणगाडे पेट्रोलवाचून जागच्या जागी थांबले. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची ट्रकांची अखंड रांग बंदराकडून आघाडीकडे रात्रंदिवस धावत राहिली. तिच्या चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. पेट्रोल जायचे ते बहुतांशी वीस लिटरच्या पत्र्याच्या डब्यांतून. डबा मूळचा जर्मन बनावटीचा, म्हणून इंग्रजांनी त्याला जेरीकॅन म्हटले. त्याला वर तीन मुठी असतात: भरलेला डबा दोघांना मिळून धरता यावा, आणि रिकामे दोन डबे एका हातात उचलता यावेत. इतका विचार करून घडवलेला डबाही त्या घाईत कमी पडला. भरून पुढे गेलेले डबे परत आले नाहीत, रस्त्याकडेला पडून राहिले, आणि पेट्रोल असूनही ते भरायला डबे नाहीत अशी वेळ आली. फ्रेंच शाळकरी मुलांनाही डबे गोळा करून आणायला सांगितले गेले. चाकांवरच्या मोठ्या टाकीचे मोल अशा प्रसंगांतून कळते. जिथे पंप नाही, वीज नाही, पक्का रस्ताही नाही, तिथे ती स्वतःचा पंप, स्वतःची गाळणी आणि स्वतःचे इंजिन घेऊन पोहोचते.

शांततेच्या काळात मात्र या ट्रेलरचे बरेचसे आयुष्य उभे राहण्यात जाते. सरावासाठी बाहेर पडायचे, परत यायचे, धुऊन-पुसून जागेवर लागायचे. ठरल्या तारखेला वंगण, ठरल्या तारखेला तपासणी, प्रत्येकाची नोंद. मग एखाद्या वर्षी नवे साधन येते, तुकडी हलते, किंवा ठेवायच्या संख्येचा आकडाच बदलतो, आणि चालू स्थितीतली गाडी यादीतून उतरते. झिजून झिजून टाकाऊ झालेला ट्रेलर आणि केवळ आकडा बदलल्यामुळे बाहेर आलेला ट्रेलर एकाच ओळीत शेजारी उभे असतात. बाहेरून दोघांत फरक दिसत नाही. विकत घेणाऱ्याची सगळी कसोटी हा फरक ओळखण्यात आहे.

सैन्याला नको झालेल्या मालाची व्यवस्था लावणे हे अमेरिकेत एक स्वतंत्र खातेच झाले आहे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, उरणाऱ्या मालाच्या विक्रीचा कायदा झाला. १९७२ मध्ये संरक्षण खात्याने या कामासाठी वेगळी यंत्रणा उभी केली. तिची नावे बदलत गेली आणि २०१० पासून ती ‘डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस’ या नावाने चालते. तिचे मुख्यालय मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी ज्या इमारतीत आहे, त्या इमारतीची कथाही ऐकण्यासारखी आहे. तिथे आधी डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचे प्रसिद्ध आरोग्यधाम होते. १९४२ मध्ये सैन्याने ते विकत घेऊन जखमी जवानांचे रुग्णालय केले. महायुद्धात घायाळ झालेले फिलिप हार्ट, बॉब डोल आणि डॅनियल इनोये या तीन तरुणांवर तिथे उपचार झाले. पुढे तिघेही सिनेटर झाले, आणि २००३ मध्ये इमारतीला तिघांची नावे मिळाली. निरोगी होण्यासाठी बांधलेली वास्तू जखमींच्या उपयोगी आली, आणि आता हजारो निवृत्त वस्तूंची पुढची सोय तिथून लागते. चांगल्या बांधणीची कोणतीही गोष्ट एका कामावर संपत नाही, याचा याहून चांगला दाखला शोधूनही सापडायचा नाही.

माल बाहेर पडण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी सैन्यातल्याच दुसऱ्या कोणाला हवा आहे का ते पाहतात, मग केंद्र सरकारच्या इतर खात्यांना विचारतात, त्यानंतर राज्यांना आणि पात्र संस्थांना देऊ करतात. कोणीच उचलला नाही तर तो विक्रीला येतो. विक्री आता बहुतेक इंटरनेटवरच्या लिलावाने होते. चार-सहा छायाचित्रे, त्रोटक वर्णन आणि ‘जसे आहे जेथे आहे’ ही अट. या अटीत सगळे आले. पंप चालतो की नाही, टाकीच्या तळाशी काय आहे, ब्रेक शेवटचे केव्हा लागले, यांतल्या कशाचीही हमी विकणारा घेत नाही. बोली स्वस्तात सुटली म्हणून आनंद वाटतो, पण वाहून आणणे, टायर, रबरी पाइप, गाळण्या आणि टाकीची सफाई यांचा खर्च पुढे उभा असतो. अनुभवी खरेदीदार बोली लावण्यापूर्वी आवारात प्रत्यक्ष जातो, खाली वाकतो, झाकण उघडतो आणि मगच किंमत ठरवतो.

घेणारे कोण? मोठ्या शेतांचे मालक, गुराढोरांची कुरणे असणारे, रस्ते आणि खाणीची कामे घेणारे ठेकेदार, जुन्या लष्करी वाहनांचे जतन करणारे हौशी, आणि गावोगावची अग्निशमन दले. टेक्सास किंवा मोंटानासारख्या राज्यांत शेतापासून पेट्रोल पंप कित्येक मैल दूर असतो. गव्हाच्या सुगीत कापणीयंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालते. ते डिझेलसाठी गावात नेणे परवडत नाही, डिझेलनेच त्याच्याकडे जायचे असते. सैन्याने रणगाड्यासाठी जे उत्तर शोधले तेच उत्तर कापणीयंत्रालाही लागू पडते. यंत्र थांबू द्यायचे नाही, आणि ते उभे असेल तिथे त्याच्या पोटाची सोय करायची. युद्धासाठी घडलेली गाडी धान्याच्या राशीशी उभी राहते, तेव्हा ती आपले मूळचेच काम करत असते, फक्त ज्यासाठी करायचे ते कारण अधिक सुखाचे झालेले असते.

ट्रेलरची पहिली ओळख करून घ्यायची ती त्याच्या पाटीवरून. चासीच्या पुढच्या बाजूला किंवा कपाटाच्या दारावर धातूची एक छोटी पट्टी रिबिटांनी ठोकलेली असते. पुष्कळदा तिच्यावर रंगाचे थर चढलेले असतात. कापडाने हलके पुसत गेले की अक्षरे वर येतात: मॉडेल, बनावटीचे वर्ष, रिकामे वजन, भरल्यावरचे वजन, अनुक्रमांक आणि तेरा आकड्यांचा साठा-क्रमांक. त्या तेरांपैकी पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात; २३३० असतील तर वस्तू ट्रेलर आहे. याच क्रमांकाच्या आधाराने सैन्याची तांत्रिक पुस्तिका सापडते, आणि ती पुस्तिका म्हणजे मोठा ठेवा आहे. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा, कोणता नंतर, कुठे किती वंगण, रोज काय पाहायचे, महिन्याने काय पाहायचे, हे सगळे अठरा-एकोणीस वर्षांच्या नवशिक्या सैनिकालाही कळावे अशा भाषेत आणि चित्रांसह दिलेले असते. ट्रेलर घेऊन पुस्तिका न मिळवणारा माणूस अर्धाच ट्रेलर घरी आणतो.

मग खालून पाहणी सुरू होते. छोट्या लष्करी ट्रेलरच्या टोकाला जाड लोखंडी कडे असते आणि ते ओढणाऱ्या गाडीच्या आकड्यात अडकते. साध्या पिकअपच्या मागे असणाऱ्या गोल गोळ्यावर ते बसत नाही. आकडा वेगळा घ्यावा लागतो. दिवे २४ व्होल्टचे असतात, नागरी गाड्या १२ व्होल्टच्या, तेव्हा बल्ब आणि जोडणी दोन्ही बदलायचे. एम १०५ जातीच्या दीड टनी ट्रेलरला ब्रेक लागतात ते ओढणाऱ्या ट्रकच्या हवेच्या दाबावर. ज्या गाडीला हवेचे ब्रेकच नाहीत तिच्यामागे तो ट्रेलर जोडला तर चाके थांबवणारे कोणी उरत नाही. टायर सर्वांत फसवे. त्यांची नक्षी नव्यासारखी खोल असते, कारण ते धावलेलेच नसतात. पण उन्हात वर्षानुवर्षे उभे राहून बाजूचे रबर बारीक भेगांनी चिरलेले असते. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचले की वय कळते. न वापरता पडून राहणे हीदेखील झीजच आहे, हे या भेगांकडे पाहून पटते.

कागदपत्रांची बाजू कोरडी असली तरी टाळता येत नाही. सरकारी लिलावातून घेतलेल्या वाहनाला मालकीहक्क मिळवण्यासाठी ‘एसएफ ९७’ हा सरकारी दाखला लागतो. तो घेऊन राज्याच्या वाहन कार्यालयात नोंदणी होते, आणि दाखल्याविना ट्रेलर रस्त्यावर काढता येत नाही. काही प्रकारच्या मालासाठी, तो कोण आणि कशासाठी वापरणार याचे लेखी निवेदनही खरेदीदाराला द्यावे लागते.

यानंतर येतो या साऱ्या विषयाचा गाभा: रिकामी टाकी. भरलेल्या टाकीला सगळे भितात आणि रिकाम्या टाकीवर टेकून उभे राहतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. द्रव इंधन स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच ठिणगीने पेट घेते. टाकी पेट्रोलने भरलेली असते तेव्हा आत हवा थोडी आणि वाफ दाट, त्यामुळे मिश्रण सहसा या मर्यादेच्या वर राहते. टाकी उपसली की बाहेरची हवा आत शिरते, तळाशी आणि सांध्यांत राहिलेल्या थेंबांची वाफ तिच्यात मिसळते, आणि नेमके तेच घातक प्रमाण तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. झाकण उघडे ठेवले म्हणून ती वर उडून जात नाही, तळाशी दबून बसते, बाहेर आली तर जमिनीलगत सरपटत दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडते. जेपी-८ साठी ही मर्यादा किमान ३८ अंश सेल्सिअस आहे आणि डिझेलची त्याहून वर, म्हणून ही दोन्ही इंधने पेट्रोलपेक्षा सुरक्षित मानली जातात. पण टेक्सासमधल्या जुलैच्या दुपारी लोखंडी टाकीचा पत्रा ३८ अंशांच्या पुष्कळ वर तापलेला असतो.

यामुळे जुनी टाकी घरी आणल्यावर पहिली चूक होते ती वेल्डिंगची. एखादा कोपरा सुटलेला असतो, एखादा कंस लावायचा असतो, टाकी तर रिकामीच आहे म्हणून माणूस वेल्डिंगचे यंत्र काढतो. रिकाम्या पिंपांवर आणि टाक्यांवर वेल्डिंग करताना माणसे दगावली आहेत आणि आजही दगावतात. टाकी वाफेने धुऊन, गाळ काढून, मापकयंत्राने आतली हवा तपासून, गरज पडेल तिथे नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूने भरून मगच तिला आच दाखवायची असते, आणि हे काम त्या कामाच्या जाणकारांनीच करायचे असते. टाकीत उतरणेही तितकेच गंभीर. आतली हवा श्वासाला अपुरी असू शकते, आणि आत पडलेल्याला काढायला गेलेला दुसराही आतच राहतो. बाहेर पहारा देणारा माणूस, कमरेला दोर आणि हवेची तपासणी यांवाचून कोणीही माणसाएवढ्या भोकातून आत उतरू नये. जिने एकदा इंधन वाहिले त्या टाकीत पिण्याचे पाणी कधीही भरू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. कितीही धुतली तरी ती त्या कामाची होत नाही.

विझवायच्या पाण्यासाठी मात्र ती उत्तम होते, आणि तिच्या दुसऱ्या आयुष्यातले हे सर्वांत समाधानाचे काम आहे. अमेरिकेतल्या ग्रामीण भागातली पुष्कळ अग्निशमन दले स्वयंसेवकांवर चालतात. त्यांच्याकडे पैसा थोडा असतो आणि गावाबाहेर नळाचे पाणी नसते. अमेरिकी वनखात्याच्या दोन योजनांतून सैन्याची जुनी वाहने अशा दलांपर्यंत पोहोचतात. एका योजनेत मालकी सरकारकडेच राहते आणि वाहन वापरायला मिळते, दुसरीत मालकीही दलाकडे येते. आगीचे साहित्य वाहण्यासाठी घडलेली टाकी आग विझवायला धावते. पण इथेही एक हिशेब डोळ्यांआड होता कामा नये. पाणी इंधनापेक्षा जड असते. ५,००० गॅलन डिझेलचे वजन सुमारे १६ टन भरते, तितक्याच पाण्याचे जवळजवळ १९ टन. हे वरचे तीन टन आस, स्प्रिंगा आणि ब्रेक यांच्या वाट्याला येतात. म्हणून इंधनाच्या टाकीत पाणी गळ्यापर्यंत भरायचे नसते. अर्धवट भरलेल्या टाकीचा धोका निराळा. वळणावर आणि ब्रेक लावताना आतला द्रव उसळून एका अंगाला जातो आणि गाडीला आपल्यासोबत ओढतो. लाट मोडण्यासाठी टाकीत भोके असलेल्या आडव्या भिंती घातलेल्या असतात, तरीही वेग कमी ठेवणे हाच खरा उपाय.

डिझेलसाठीच वापरायची असेल तर रोजचा शत्रू पाणी आहे. रात्री टाकी थंड होते, आतल्या हवेतली ओल पत्र्यावर थेंबांनी जमते, ओघळून तळाशी जाते. पाणी जड, त्यामुळे डिझेलच्या खाली त्याचा थर साचतो. या दोन थरांच्या सीमेवर सूक्ष्म बुरशी वाढते. तिच्यातली एक जात रॉकेलची बुरशी म्हणूनच ओळखली जाते. ती डिझेल खाते आणि चिकट काळपट गाळ मागे ठेवते, आणि तो गाळ ऐन कामाच्या वेळी गाळणी बुजवतो. तपासण्याची रीत साधी आणि पाहण्यासारखी आहे. सकाळी, टाकी हलवण्यापूर्वी, तळाच्या तोटीखाली पांढरी बादली धरायची आणि थोडे इंधन सोडायचे. पांढऱ्या तळावर इंधन स्वच्छ आणि झळझळीत दिसले पाहिजे. तळाशी पाण्याचे गोळे हलताना दिसले, द्रव धुरकट वाटला किंवा तपकिरी कण फिरताना आढळले, की स्वच्छ येईपर्यंत सोडत राहायचे. सोडलेले इंधन जमिनीवर फेकायचे नाही, वेगळ्या डब्यात जमा करायचे. विमानात इंधन भरणारे लोक ही पाहणी फार निष्ठेने करतात, कारण त्यांच्या कामात चुकीला रस्त्याकडेची जागा नसते. शेतावरच्या माणसाने तीच निष्ठा उसनी घेतली तर त्याचे महागडे इंजिन वाचते.

दुसरी सवय अर्थिंगची. पाइपातून वाहणारे इंधन आपल्यासोबत स्थिर विद्युतभार गोळा करते. कपाटात एका चक्रावर तार गुंडाळलेली असते आणि तिच्या टोकाला चिमटा. झाकण उघडण्यापूर्वी तो चिमटा समोरच्या गाडीच्या उघड्या धातूला लावायचा आणि भरणे संपवून झाकण बंद केल्यावरच काढायचा. क्रम चुकला तर चिमटा काढतानाच ठिणगी पडते, आणि तीही वाफेच्या शेजारी. नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेले ठेवायचे, सुरुवातीला धार मंद ठेवायची, उंचावरून इंधन आपटू द्यायचे नाही. ज्या टाकीत आधी पेट्रोल होते तिच्यात डिझेल भरताना तर दुप्पट काळजी हवी. डिझेल आतली पेट्रोलची वाफ शोषू लागते, दाट मिश्रण विरळ होत जाते आणि भरण्याच्या मधल्या एखाद्या क्षणी पेटण्याच्या मर्यादेत येते. दोन्ही द्रव एकेकटे ओळखीचे असतात. अपघात होतो तो त्यांच्या गाठभेटीत.

नियम याच अनुभवांतून आले आहेत. अमेरिकेत ११९ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ४५० लिटरपेक्षा, मोठी टाकी वाहतुकीच्या दृष्टीने मोठ्या भांड्यांत मोडते आणि तिच्यातून इंधन रस्त्याने न्यायचे तर धोकादर्शक पाट्यांपासून बरेच काही लागू होते. बाजारातल्या कितीतरी नागरी डिझेल-टाक्या या आकड्याच्या जरा खाली असतात, त्याचे कारण हेच. १,००० गॅलन आणि त्यावरच्या टाकीसाठी व्यावसायिक चालकाच्या परवान्यावर टँकरची वेगळी नोंद लागते. जमिनीवर एकूण १,३२० गॅलनपेक्षा अधिक तेल साठवण्याची सोय असेल तर सांडलवंड रोखण्याचा आराखडा लागतो. शेतांसाठी ही मर्यादा नंतर सैल केली गेली. टाकीभोवती बांध घालायचा आणि त्यात सगळी टाकी फुटली तरी तेल मावेल, शिवाय पावसालाही जागा उरेल इतका तो उंच ठेवायचा, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बांधाचे महत्त्व तो जाणतोच. भारतात सैन्याची उतरलेली वाहने ई-लिलावाने विकली जातात, आणि १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे लिलाव चालवते. इंधनाच्या साठ्याला इथे १९३४ चा पेट्रोलियम कायदा लागू होतो, आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. डिझेलसारखे ‘ब’ वर्गातले इंधन एका जागी २,५०० लिटरपर्यंत आणि एकेका भांड्यात १,००० लिटरपर्यंत असेल तर साठ्याचा परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो.

राहिला रंग. पुष्कळांना वाटते की हिरवा रंग खरवडून ट्रेलर झकपक करावा. हा लष्करी रंग विषारी रसायने आत मुरू नयेत म्हणून बनवलेला असतो, आणि जुन्या थरांखाली क्रोमेटचे अस्तर असू शकते. घासताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसांना घातक. मुखवटा आणि योग्य सोय नसेल तर त्याला हात लावू नये. आणि लावायची गरज तरी काय? त्या रंगावर साच्याने उमटवलेली अक्षरे असतात, तुकडीचे पुसट क्रमांक असतात, कपाटाच्या दारामागे कोणीतरी खिळ्याने कोरलेली तारीख असते. ती कोरणारा आता कुठे असेल हे कळायला मार्ग नाही. पण पंपाच्या दांड्याची मूठ ज्या जागी गुळगुळीत झाली आहे, तिथेच नव्या मालकाचाही हात पडतो. दोन माणसे एकमेकांना न भेटता एकाच कामात सहभागी होतात, आणि वस्तू टिकाऊ असण्याचा हा मोठाच लाभ आहे. झाकणावरचे ‘ज्वलनशील’ आणि ‘धूम्रपान करू नये’ हे शब्द मात्र अवश्य नव्याने रंगवावेत. त्यांची मुदत कधी संपत नाही.

एवढे सगळे करूनही असा ट्रेलर घ्यावा का, हा प्रश्न उरतो. ज्याला आठवड्यातून दोन डबे डिझेल लागते त्याने घेऊ नये. त्याच्यासाठी ती फार मोठी जबाबदारी आहे. ज्याचे काम दूरवर पसरलेले आहे, ज्याच्याजवळ योग्य ओढणारी गाडी आहे, आणि रोज सकाळी पांढरी बादली धरण्याचा ज्याला कंटाळा नाही, त्याच्यासाठी इतकी दणकट आणि विचारपूर्वक घडवलेली वस्तू नव्याने बनवून घेणे परवडणार नाही. घेताना मात्र लोखंडासोबत त्याची शिस्तही घ्यावी. तपासणीची वही चालू ठेवावी, तिच्या पहिल्या पानावर टाकीने याआधी काय वाहिले ते लिहावे, आणि उद्या ट्रेलर दुसऱ्याला विकाल तेव्हा ती वही त्याच्या हातात द्यावी.